उघडं छप्पर

दोन वर्षं ईशानीच्या खोलीचं छत गळत होतं. तिचा बाप निमिष दर वेळी म्हणायचा, “पुढच्या वीकेंडला नक्की करतो.” छपरावर ठोकायच्या नव्या शिंगल्सचे, म्हणजे डांबरी पट्ट्यांचे, गठ्ठे गॅरेजमध्ये पडून होते. कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा हिवाळा तोंडावर आला, पोरीचा खोकला हटेना. शेवटी शनिवारी तिची आई उल्का स्वतःच छपरावर चढली आणि फावड्याने जुन्या शिंगल्स उखडून खाली फेकू लागली. आवाज ऐकून निमिष अंगणात धावला. “आर यू मॅड? संध्याकाळी पाऊस आहे!” “मग पावसाला सांग, पुढच्या वीकेंडला ये म्हणून!” ती ओरडली. उघड्या फळ्या पाहून तो हातोडी घेऊन वर आला. त्याने भराभर, सरळ ओळींत शिंगल्स ठोकल्या. पाऊस यायच्या आत छप्पर पूर्ण झालं. “बघ, केलं ना?” तो हसला. उल्काने संतापाने फावडं खाली अंगणात भिरकावलं. “एका दुपारचं काम होतं, निमिष?”