एकही नाव नाही

"माझी होणारी सून तुमच्या दारात दिसली म्हणे. काय बिनसलंय तिचं?" समुपदेशक बाईंसमोर ठाण मांडून बसलेल्या आईनं विचारलं.

"इथं कोण येतं, ते मी कुणालाच सांगत नाही."

"माझ्या मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"असेल. तरी नाही."

"म्हणजे पाणी मुरतंय! लग्न मोडलंच समजा. आणि तुमच्याकडे वेडे येतात, हे चारचौघांत सांगेन."

"खुशाल सांगा. माझ्या तोंडून एकही नाव निघायचं नाही." बाई उठल्या आणि त्यांनी बाहेरचं दार सताड उघडलं.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडून आईचा मुलगाच बाहेर आला.

"तिला बोल लावू नकोस, आई," तो ताठ मानेनं म्हणाला. "ती मला सोडायला येते."