गार अंग

कुळंगगडाच्या माथ्यावर ढग उतरला होता. गुहेच्या तोंडाशी योगिनी उकिडवी बसली होती. पुढ्यातल्या पांढऱ्या ताटलीत भुलीच्या औषधाने निजवलेली रानउंदरी होती आणि योगिनी टूथब्रशने तिचे केस उलटे विंचरत होती. डोंगरमाथ्यावरच्या जनावरांच्या, पाखरांच्या अंगावर कोणत्या पिसवा असतात, ते ती वीस दिवस शोधत होती. सशावर दोन सापडल्या, पाकोळ्यांच्या घरट्यात एक. बस्स.

आज मात्र त्या आपणहून उतरत होत्या. आधी एक, मग तीन, मग मोजता येईनात. योगिनी चिमट्याने एकेक उचलून कुपीत टाकत होती. झोपेत हसावं तशी हसत होती.

“ताई, त्या घर सोडून चालल्यात,” कुसाबाई म्हणाली. पायथ्याच्या वाडीतली ती. रोज सामान घेऊन वर यायची.

“म्हणजे?”

“कोंबडी मेली का तिच्या पिसवा अशाच निघत्यात. अंग गार पडतं ना.”

चिमटा थांबला. योगिनीने उंदरीच्या छातीवर बोट ठेवलं. काहीच हललं नाही. औषधाचा बोळा तिच्या नाकाशी जरा जास्तच वेळ राहिला होता.

कुसाबाईने वाकून पाहिलं. पोटाशी सड सुजलेले होते. “लेकुरवाळी हाय ही,” ती म्हणाली आणि उघड्या हातांनी उंदरी उचलली.

“कुसाबाई, हातमोजे! पिसवा चावतील, आजार होतो!”

कुसाबाईने ऐकलं नाही. लेकराच्या डोळ्याला लावायला पदराचा बोळा फुंकून ऊन करतात, तशी ती ओंजळीत फुंकू लागली. हळू, न थांबता.

ढग गुहेत शिरला. समोरची बाई दिसेनाशी झाली, नुसता श्वास ऐकू येत राहिला. किती वेळ गेला, योगिनीला कळलं नाही. आपणही त्याच लयीत श्वास घेतोय, हे मात्र कळलं.

“हलली,” धुक्यातून आवाज आला.

ढग विरळ झाला. कुसाबाईने ओंजळ गुहेच्या भिंतीतल्या कपारीपाशी टेकवली. उंदरी दोन पावलं लडखडली, बसली, मग आत गेली. आतून बारीक चिवचिव ऐकू आली.

योगिनीचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिला कुसाबाईच्या मनगटावर एक तांबूस ठिपका सरकताना दिसला. पिसू. तिने लगबगीने चिमटा उचलला. “हात द्या इकडं.”

कुसाबाईने मनगटावर हलकेच दुसरा तळवा धरला.

“ऱ्हाऊ द्या घडीभर. तीबी गारठली असंल.”