थरथरता हात

शिल्पकार लोर्ना आजारी वडिलांच्या हाताला व्हॅसलीन चोळत होती. ओहायोतल्या कामगारांच्या हातांचे साचे काढून तिने नाव कमावलं होतं. पोलाद कारखान्यात झिजलेला हा घरचा हात मात्र राहून गेला होता.

“हळू गं, हात आहे, भांडं नव्हे!” म्हातारा हसला.

बादलीतला साच्याचा लगदा घट्ट होईपर्यंत आत बुडवलेला हात हलून चालत नाही. त्याचा थरथरू लागला, तशी तिने आपलाही हात आत घालून तो धरला. हात काढून घेऊन पोकळीत प्लास्टर ओतल्यावर साच्यातून दोघांचे गुंतलेले प्लास्टरचे हात निघाले.

“राहू दे की असाच,” तो म्हणाला.

“छे, डॅडी, हा चुकला. उद्या फक्त तुझा काढू.” तिने ते प्लास्टरचे हात फोडून टाकले.

रात्री झोपेतच म्हातारा गेला. सकाळी त्याचा हात मुळीच थरथरत नव्हता. लगदा कालवायचा लोर्नाला धीर झाला नाही.