दुसरा कप

हॅरोगेटच्या हॉटेलात एका जुन्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. त्यात इन्स्पेक्टर झालेल्या नायकाच्या टेबलापुढे ही लांब रांग होती. शेजारच्या टेबलावर, त्याच मालिकेवरून कादंबऱ्या लिहिलेल्या हिल्डा प्रॉसर पेनाचं झाकणही न काढता बसल्या होत्या.

एक बाई हिल्डांचं विटलेलं पुस्तक घेऊन नायकाकडे आली.

"बायको गेल्यावर इन्स्पेक्टर सवयीनं दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे हो."

"ते करताना मी खरंच रडलो होतो," म्हातारा नायक सही करत म्हणाला. "त्या चॅनेलवाल्या गाढवांनी मालिकेच्या टेपा पुसून टाकल्या, नाहीतर दाखवलंच असतं."

बाई हिल्डांकडे वळली. "तुमचं बरं होतं. पडद्यावरचं नुसतं उतरवून काढायचं."

"हो ना," हिल्डा हसून म्हणाल्या.

मालिकेच्या संहितेत ते दृश्य नव्हतंच. नवरा, आर्थर, गेला त्या हिवाळ्यात त्यांनी ते स्वतःच्या ओट्यावरून उचललं होतं.

घरी येऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं, दोन कप काढले आणि एक परत ठेवला.