ढोलकीचा पॅक

"बसला का आवाज?" शीलाबाईंनी पुन्हा विचारलं.

"बसतोय, बाई. स्क्रीनवरची पट्टी पाऊण भरलीय. पुरी भरली की कीबोर्ड बंद करून परत चालू करायचा, मग बोलंल ढोलकी," राजमहंमद म्हणाला. पुण्याहून आणलेला ढोलकीचा पॅक पेन ड्राइव्हमधून कीबोर्डात उतरत होता.

नारायणगावच्या राहुटीत दुपार तापली होती. कीबोर्डाच्याच वायरीवर जोडलेला टेबलफॅन घरघरत होता आणि सगळं वारं एकटे कुशाबा पाटील खात होते. लोणीच्या यात्रेसाठी तमाशाची सुपारी द्यायला आले होते ते. अट एकच. शेजारच्या गावात गेल्या साली ढोलकीऐवजी कीबोर्डाची मशीन वाजली, म्हणून लोणीलाही मशीनच पाहिजे. जानकूची ढोलकी नको.

फडाच्या मालकीण असलेल्या शीलाबाईंना अट जड नव्हती. मशीन जेवत नाही, उचल मागत नाही, रुसून राजुरीला घरी निघूनही जात नाही.

जानकू कोपऱ्यात ढोलकीची दोरी ताणत होता. तो उठला.

"पाटील, म्या जातो. पण हरवून घालवा. मधी पडदा ओढा. एकदा म्या वाजवतो, एकदा मशीन. आधी कोण, ते सांगायचं न्हाई. मशीन सरस वाटली तर ढोलकी हितंच ठिवून जातो."

"आन् नाय वाटली तर?"

"तर या फडात माझ्या जागंवर मशीन बसायची न्हाई. बोला, हाय हिंमत?"

"आरं, लई जत्रा ऐकल्यात या कानांनी! ओढा पडदा."

पडदा ओढला. कीबोर्ड, पंखा आणि दोघं वादक पलीकडं गेले. वारं अडलं, मग घरघरही थांबली. ऐकताना अडथळा नको म्हणून राजमहंमदानं पंखा बंद केला असणार. शीलाबाईंनी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली. पलीकडं थोडी कुजबुज झाली. दोघं वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेले, निरोपाचं बोलत असतील.

"ऐका!" जानकू ओरडला.

पहिली ढोलकी बरी वाजली, पण सम गाठताना जरा रेंगाळली. पाटलांनी डोळा मिचकावला.

"हा जानकू. हात थकलाय गड्याचा."

दुसरी सुरू झाली आणि राहुटीच हलली. थाप कडक, एकेक बोल सुटा. शेजारच्या फडातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीचा पाय आपसूक ठेक्यात पडू लागला.

"ही मशीन!" पाटलांनी मांडीवर हात मारला. "माणसाच्या बापाला जमायचं न्हाई असं. बाई, हीच पायजे!"

त्यांनी स्वतः पडदा सारला आणि सुपारीचा नारळ कीबोर्डपुढं ठेवला. असा ठेवलेला नारळ परत उचलायचा नसतो, आणि साक्षीला बाया दारात उभ्या होत्याच.

शीलाबाईंनी जानकूकडं बघणं टाळलं. "ठरल्यापरमानं ढोलकी ठिव, बाबा."

जानकू घामानं निथळत होता. कमरेची ढोलकी त्यानं सोडली नाही. पाटलांकडं बघून नुसता हसला.

"लई उकडतंय राव," पाटील उपरण्यानं वारा घेत म्हणाले. "राजमहंमद, लाव की आता पंखा."

राजमहंमदानं पेन ड्राइव्ह उपसून खिशात टाकला.

"लाईट आली की लावतो, पाटील. तुमी पडदा ओढायला लावला, तवाच गेलीय."