नववा हात

"आठ बाजूनं, आठ विरोधात." नगरपालिकेच्या अध्यक्षांनी दुसऱ्यांदा हात मोजले आणि प्रेक्षकांत बसलेल्या नर्सबाई उठून उभ्याच राहिल्या.

तीन वर्षं त्या या एकाच ठरावामागे हात धुऊन लागल्या होत्या: शहरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे कान, घरी सोडण्याआधी, यंत्रानं तपासायचे. पाच मिनिटांचं काम! बहिरेपण पहिल्या काही महिन्यांत कळलं, तर उपाय होतो, बाळ बोलायला शिकतं. चौथ्या वर्षी कळलेली मुलं त्यांनी फार पाहिली होती.

"आमच्या वेळी कुठं होती असली यंत्रं?" विरोधातले ज्येष्ठ सदस्य म्हणाले. "आम्हाला येतंय की ऐकू."

"येतं हो, पण ऐकून घेता कुठं?" नर्सबाईंच्या तोंडून निघून गेलं. सभागृहात खसखस पिकली.

अध्यक्षांनी पेन उचललं. बरोबरी झाली की ठराव बारगळतो, असा नियम. इतक्यात दार धाडकन उघडलं.

"थांबा, थांबा! मी राहिलेय!" सगळ्यांत तरुण नगरसेविका धापा टाकत आत शिरली. एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर झोपलेली तान्ही लेक. "सांभाळणाऱ्या मावशी आल्याच नाहीत, मग हिलाच उचललं. कुठवर आलंय?"

"तुमच्यावरच येऊन थांबलंय," अध्यक्ष म्हणाले.

तिनं पर्स खाली टाकली आणि मोकळा हात ताडकन वर केला.

नऊ! अहो, काय तो गलका! बाकं दणादण वाजली, कुणीतरी शिट्टी मारली, मागे बसलेले आईबाप खुर्च्यांवर चढले. टाळी वाजवायच्या नादात शिपायानं पाण्याचे ग्लास ट्रेसकट सोडून दिले. नर्सबाई रडत होत्या की हसत होत्या, त्यांचं त्यांना ठाऊक. त्या धावत नगरसेविकेला मिठी मारायला गेल्या, आणि खांद्यावरचं बाळ त्यांना जवळून दिसलं. गाढ झोपेत. पापणीसुद्धा हलली नव्हती.

"फार गुणी आहे हो," आई कौतुकानं म्हणाली. "मिक्सर लावा, भांडी पाडा, ही आपली ढिम्म!"

नर्सबाईंचे पसरलेले हात तसेच राहिले. "हिचे कान तपासले होते?"

"छे हो सिस्टर, तेव्हा कुठं होतं हे सगळं?" ती हसली. मग हसू हळूहळू ओसरलं. तिनं लेकीकडे पाहिलं, मग फरशीवरच्या काचांकडे.

"कदाचित काहीच नसेल," नर्सबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. "किती महिन्यांची?"

"चार."

"चारच ना? अहो ताई, चारच!" नर्सबाईंचा आवाज आनंदानं चिरकला. "मग आपण लवकर आहोत!"

मागे बाकं अजून वाजतच होती. बाळ झोपलेलंच होतं.