बटणांवरची अक्षरं

फ्लॉपी पुन्हा कुरकुरली आणि अडकली. उत्तराने लॅपटॉपला कान लावला.

"झालं?" दारातून मोरूमामाने विचारलं.

"मामा, प्लीज. आत्ता काही विचारू नकोस."

लॅपटॉप त्यानेच आणलेला. वर्तकनगरच्या ज्या ऑफिसात तो प्यून होता, तिथे हे धूड कपाटावर धूळ खात पडलेलं. बॅटरी मेलेली, पडदा काळा-पांढरा, आणि विंडोज सुरू होता होताच मान टाकायची. पण लिनक्स नावाचं काहीतरी फुकट मिळतं आणि असल्या म्हाताऱ्या मशीनलाही पळवतं, हे उत्तराला शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नुकतंच कळलेलं. सरांनी फ्लॉप्यांचा गठ्ठा भरून दिला आणि म्हणाले, "तू हे चालवलंस तर पुढच्या वर्षी लॅब तुझ्या ताब्यात." तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आज मात्र घाई होती. सोमवारी आबांना ऑपरेशनसाठी ठाण्याला न्यायचं होतं. आई-बाबा सकाळीच तिकडे खाटेची व्यवस्था करायला गेलेले.

लकव्याने आबांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. "डोकं मात्र साफ आहे, सगळं कळतंय त्यांना," असं डॉक्टर म्हणाले. ते खोटं नव्हतं. डाव्या हातात पत्ते धरून आबा अजून मोरूमामाला हरवत. पण ऑपरेशनचं ठरलं तसं त्यांना काहीतरी सांगायचं होतं. येईल त्याचं मनगट धरायचे, घशातून आवाज काढायचे. खाडीकडे बोट, मग आजीकडे, मग स्वतःच्या छातीकडे. होडीचं काही? देवीचा नवस राहिलाय? बाबांनी सगळं विचारून बघितलं. प्रत्येक वेळी आबांची मान आडवीच हलली आणि डोळे भरून आले. ऑपरेशनची खात्री कुणी देत नव्हतं. जे सांगायचं ते सोमवारच्या आत.

पाटी-पेन्सिल देऊन झालेली. नुसत्या रेघोट्या उमटल्या. डावा हात, बिचारे काय लिहिणार? म्हणून उत्तराने ही युक्ती काढली. लिहायचंच नाही, फक्त दाबायचं. एका बटणावर एक अक्षर चिकटवायचं, दाबलं की पडद्यावर एवढं मोठं दिसणार.

आबांसाठी ती काहीही करायला तयार होती. तिला वाचायला शिकवलं ते त्यांनीच. ती दुसरीत होती तेव्हापासून रोज चहाआधी पेपर तिच्या पुढ्यात यायचा. मोठ्याने वाच, अडखळलीस तर परत वाच. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. मग तोच पेपर काखेत मारून आबा बंदरावर जायचे आणि चष्मा नाकावर ठेवून जाळी विणणाऱ्यांना खडाखडा वाचून दाखवायचे. तिथे त्यांना सगळे गुणाजी मास्तरच म्हणत.

"ऱ्हाऊ दे गो ते यंत्र," आजी चुलीपाशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"आजी, शॉक नाही लागत याला."

"शॉकचं कोन बोलतंय? पाटीनं काय झालं ते बगलंस ना?"

"पाटी वेगळी. हे वेगळं."

आजीने सुपातला एक खडा उचलून टाकला.

उत्तराने फ्लॉपी काढली, फ्रॉकच्या टोकाने पुसली, पुन्हा आत सरकवली. वर पंखा मंद झाला तशी तिने मान वर केली. लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून. पंखा पुन्हा फिरला. फ्लॉपीही फिरली.

अखेर मशीन बंद होऊन सुरू झालं. पडद्यावर ओळी धावल्या आणि लिनक्सने नाव विचारलं. ते टाकून तिने 'क' दाबला. काळा चौकोन आला. अक्षरांच्या यादीतली एक ओळ दुरुस्त केली, पुन्हा दाबला. टपोरा क.

मग तिने 'मोरू' असं लिहून दाखवलं.

"आयला," मामा वाकून म्हणाला, "पडद्यावर मी जरा बरा दिसतो."

आबांना भिंतीला टेकवून बसवलं, चष्मा लावला. आजी सूप बाजूला ठेवून उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आबा, बोला आता."

आबांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. डावं बोट खाली आलं.

ठ. ल. झ. झ. झ.

"तुझं लिनक्स खुळं झालं गं," मामा हळूच म्हणाला.

उत्तराने मशीन स्वतःकडे ओढलं. 'आबा' दाबलं, 'आबा' आलं. चिकटवलेली अक्षरं एकेक करून तपासली. सगळी जागच्या जागी. मशीन परत आबांपुढे सरकवलं. ध. छ. ध. आबांच्या कपाळावर घाम जमला होता. तिने सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. त्या ओळी आता किती सावकाश धावत होत्या.

"उत्तरा, पुरं," आजी म्हणाली. एरवी ती तिला कधी नावाने हाक मारत नसे.

"एकदाच, आजी. आबा, सांगायचंय ते मागाहून. आधी फक्त तुमचं नाव. गुणाजी. ग दाबा, ग."

आबांचं बोट बटणांवरून फिरलं. ग वरून गेलं, थांबलं नाही. परत आलं, परत ग वरूनच पुढे सरकलं. शेवटी त्यांनी खालची लांबलचक पट्टी दाबली, जिच्यावर तिने काहीच चिकटवलं नव्हतं, आणि पडद्याकडे न बघता रोज चहाआधी पेपर तिच्या पुढ्यात टाकून बघायचे तसे तिच्या तोंडाकडे बघत राहिले, काय उमटलंय ते ती वाचून दाखवेल म्हणून.